इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती आणि त्यांचे शेजारी : कैरोला राहायला जाण्याआधी विचारतेय

मृण्मयी_सांगली :

नमस्कार मंडळी. नवऱ्याला कैरोत नोकरी लागली आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि लेक तिकडे जाणार. शुब्रा नावाच्या भागात घर ठरलंय. घरमालक कॉप्टिक ख्रिस्ती, ते तळमजल्यावर राहतात. वरच्या मजल्यांवर सगळी मुस्लिम कुटुंबं. मालकीणबाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं, तेव्हा त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेला लहानसा क्रूस दिसला. बाई फार प्रेमळ वाटल्या.

सोसायटीच्या ग्रुपवर हे सांगितलं आणि दोन तऱ्हेचे मेसेज यायला लागले. एका काकांनी चर्चमधल्या स्फोटांचे व्हिडिओ पाठवले, वर 'तिथे ख्रिश्चन संपवत आणलेत' अशी ओळ. दुसऱ्या ताईंनी मशीद आणि चर्च एका भिंतीला भिंत लागून असल्याचे फोटो टाकले आणि लिहिलं, 'बघा, किती गोडीगुलाबीने राहतात.' मला दोन्ही पचत नाही. कोणी तिथे खरोखर राहून आलं असेल तर सांगा, रोजच्या जगण्यात या लोकांचं एकमेकांशी कसं असतं? मालकीणबाईंशी या विषयावर बोलावं की नको? आणि जाता जाता विचारते, आम्ही शाकाहारी आहोत, अडचण होईल का?

प्रवासी_पक्षी :

आम्ही टूरने जाऊन आलो. जुन्या कैरोतलं हँगिंग चर्च पाहिलं, जवळच अम्र इब्न अल-आसची मशीद. लोक एकदम हसतमुख. दारावर बंदूकधारी पोलीस होते, पण आम्हाला कुठेच तणाव जाणवला नाही. बिनधास्त जा.

बावखल :

मृण्मयीताई, मी मूळचा वसईचा, कॅथलिक. कपड्यांच्या कारखान्यांत प्रॉडक्शन बघत आलो. राष्ट्राध्यक्ष मुबारक २०११ मध्ये पायउतार झाले, त्यानंतरच्या गडबडीत इजिप्तला गेलो आणि कोविड यायच्या जरा आधी परतलो. कारखाना शुब्रा अल-खैमात आणि बिऱ्हाड तुम्ही जाताय त्याच शुब्रात. विषय जवळचा आहे, त्यामुळे लांबण लागेल.

तुमच्या ग्रुपवरचे दोन्ही मेसेज खोटे नाहीत. पण दोघंही एकाच प्रश्नाचं उत्तर देत असल्यासारखे बोलतात, आणि तिथे प्रश्न दोन आहेत. शेजारी कसा वागतो, हा एक. शेजाऱ्याशी वाजलं तर पोलीस, सरकारी साहेब आणि कोर्ट कसे वागतात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी चांगलं आहे. दुसऱ्याचं नाही. शेजारधर्म आणि न्याय यांची गल्लत केली की इजिप्त कळतच नाही.

आधी हे लक्षात घ्या की कॉप्ट बाहेरून आलेले नाहीत. संत मार्कने पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाला धर्म आणला अशी त्यांची परंपरा. इस्लाम तिथे सातव्या शतकात आला. त्यांचा पोप वेगळा, रोमच्या पोपशी संबंध नाही. सध्या तवाद्रोस दुसरे, २०१२ पासून. निवड कशी होते ऐका : शेवटच्या तीन नावांच्या चिठ्ठ्या वेदीवर ठेवतात आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेला लहान मुलगा एक उचलतो. प्रार्थनेत जुनी कॉप्टिक भाषा अजून आहे, घरात मात्र सगळे अरबीच बोलतात. लोकसंख्येत साधारण दहा टक्के धरतात, म्हणजे कोटभर माणसं. अरब जगातला हा सर्वांत मोठा ख्रिस्ती समाज. 'संपवत आणलेत' म्हणणाऱ्या काकांना हा आकडा सांगा.

शुब्रा तर मिश्र वस्तीसाठीच ओळखला जातो. तिथे संत तेरेजाचं कॅथलिक चर्च आहे, मी मिस्साला तिथेच जायचो. खाली तळघरात भिंतीभर संगमरवरी पाट्या लावल्यात, नवस फेडणाऱ्यांच्या. त्यांत मुस्लिम नावंही आहेत. मुलाच्या परीक्षेसाठी, लेकराच्या दुखण्यासाठी हिजाब घातलेल्या बाया मेणबत्ती लावून जाताना मी दर आठवड्याला पाहिल्यात. त्यांना कोणी अडवत नाही आणि कोणाला त्याचं नवलही वाटत नाही. आपल्याकडे माउंट मेरीला नाही का सगळे जात.

मग शाम अल-नसीम. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अख्खा देश बागेत आणि नाईलकाठी जाऊन बसतो, धर्म कोणताही असो. त्या दिवशी फसीख खातात, म्हणजे खारवून आंबवलेला बोय मासा. मी आगरातला माणूस, सुक्या मासळीच्या वासात वाढलेला, तरी पहिल्या वेळी नाक दाबलं होतं. (तुम्ही शाकाहारी, तुम्हाला रंगवलेल्या अंड्यांचाही उपयोग नाही. जेवणाचं शेवटी सांगतो, तुमची सोय उत्तम होणार आहे.)

कारखान्यातलं एक सांगतो. फिनिशिंगचा फोरमन कॉप्ट होता, वरच्या (म्हणजे दक्षिण) इजिप्तमधल्या मिन्या प्रांतातला. रमजानभर तो मशीनपाशी पाण्याची बाटली ठेवत नसे, चहा प्यायला मागच्या जिन्यात जाई. त्याला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. मगरिबची अजान झाली आणि बाकीचे खजूर घेऊन बसले की बॉयलर आणि प्रेस तो एकटा सांभाळी. ६ जानेवारीच्या रात्री, म्हणजे त्यांच्या नाताळच्या मिस्साला, उलटं व्हायचं. त्याच्या जागी कटिंगचे हाजी उभे राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी हाजींच्या घरून कहकचा डबा यायचा. कहक म्हणजे पिठीसाखर लावलेली खुसखुशीत बिस्किटं. ईदला तीच, नाताळला तीच.

आता दुसरी बाजू, आणि माणूस हाच. त्याच्या गावात अफवा उठली की ख्रिस्ती लोक एका घरात जमून प्रार्थना करतात आणि त्या घराचं चर्च करायचा त्यांचा डाव आहे. शुक्रवारच्या नमाजानंतर जमाव आला. फोरमनच्या चुलतभावाचं घर आणि गोठा पेटवला. पोलीस उशिरा आले आणि दोन्हीकडची पोरं उचलून घेऊन गेले, ज्यांचं घर जळलं त्यांचीही. मग बसली गावकी. तिकडे त्याला 'गलसा उर्फिया' म्हणतात. पोलीस अधिकारी, आमदार, गावचे शेख, चर्चचे अबूना (म्हणजे फादर), सगळे सतरंजीवर. ठरलं काय, तर जळलेल्यांनी फिर्याद मागे घ्यायची, मग उचललेली पोरं सुटतील, आणि त्या घरात पुन्हा प्रार्थना होणार नाही. कागदावर सह्या झाल्या, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी गळाभेट घेतली, फोटो निघाला.

फोरमनने मला तो फोटो मोबाईलवर दाखवला होता. चुलतभावाच्या गळ्यात हात टाकलेला म्हातारा त्यांच्याच बांधाला बांध असलेला, वडिलांच्या मयतीला खांदा दिलेला. ती गळाभेट खोटी नव्हती, असं फोरमनचंच म्हणणं. त्याला सलत होतं ते वेगळंच. याच शेजारपणाचा हवाला देऊन त्यांच्याकडून कोर्टाची वाट सोडवून घेतली होती. आपण इतके भावासारखे राहतो, मग फिर्याद कशाला? आणि एकदा फिर्याद नाही म्हटल्यावर जाळणाऱ्यांना काही झालं नाही. पुढच्या गावातल्या पोरांनी त्यातून काय धडा घ्यायचा?

ही एका गावाची गोष्ट नाही. वरच्या इजिप्तमध्ये, त्यातही मिन्यात, असं वर्षानुवर्षं होत आलंय. २०१६ च्या मे महिन्यात तिथल्या करम गावात एका वृद्ध ख्रिस्ती बाईंना, त्यांच्या मुलाबद्दलच्या अफवेवरून, कपडे फाडून रस्त्यावर ओढलं गेलं. त्या बाई तडजोडीला बसल्या नाहीत, कोर्टात गेल्या. राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. तरी २०२० च्या डिसेंबरात आरोपी सुटले.

घरात प्रार्थना करायची वेळ का येते, तर चर्च बांधणं हीच तिथे मोठी कटकट. १८५६ चं तुर्की सुलतानांचं एक फर्मान आणि त्यावर १९३४ मध्ये गृहखात्याने घातलेल्या दहा अटी, यावर सगळा कारभार चालायचा. मशीद किती लांब आहे, आसपासच्या मुस्लिमांची हरकत आहे का, इथपासून चौकशी. किती तरी वर्षं साध्या डागडुजीचा कागदसुद्धा थेट राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जायचा. २०१६ मध्ये कायदा आला, क्रमांक ८०. आता परवानगी प्रांताचा गव्हर्नर देतो आणि चार महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. विनापरवाना चाललेली हजारो चर्चं आणि त्यांच्या इमारती त्यानंतर नियमित झाल्या, हे मान्य करायला हवं. पण मशिदीसाठी वेगळे नियम आणि चर्चसाठी वेगळा कायदा, हे मूळ दुखणं तसंच आहे.

रोखठोक :

बावखल, प्रतिसाद वाचनीय आहे, पण तुम्ही फार सांभाळून लिहिताय. चर्चमध्ये बॉम्ब फुटतात, बसमधून उतरवून माणसं मारतात, लिबियाच्या किनाऱ्यावर गळे चिरतात, आणि आपण बिस्किटांच्या डब्यांबद्दल बोलायचं? याला छळ म्हणतात. सरळ छळ म्हणा की.

बावखल :

रोखठोक, म्हणतो. सांभाळून लिहिण्यासारखं त्यात काही नाही, यादी देतो.

२०११ चं नवं वर्ष उजाडताना अलेक्झांड्रियात संतद्वय चर्चच्या दारात स्फोट, वीसहून अधिक मेले. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला कैरोत मास्पेरो इथे, सरकारी टीव्हीच्या इमारतीपुढे, कॉप्ट मोर्चावर लष्कराच्या गाड्या घातल्या आणि गोळ्या झाडल्या, पुन्हा वीसहून अधिक. १४ ऑगस्ट २०१३ ला पदच्युत राष्ट्राध्यक्ष मुर्सी यांच्या समर्थकांचे तळ सैन्याने उधळले आणि त्याचा राग देशभर चर्चांवर निघाला, डझनावारी चर्चं जळाली, सगळ्यात जास्त मिन्यात. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियात २१ जण, त्यांतले २० इजिप्तचे मजूर, बहुतेक मिन्यातल्या अल-और या एकाच गावाच्या आसपासचे. एकविसावा घानाचा. ११ डिसेंबर २०१६ ला कैरोच्या कॅथेड्रलला लागून असलेल्या चॅपेलमध्ये, बायकांच्या बाजूला, स्फोट. २०१७ मध्ये तांता आणि अलेक्झांड्रिया. त्याच मे महिन्यात मिन्याच्या वाळवंटात मठाकडे निघालेल्या बसवर गोळीबार, आणि २०१८ मध्ये त्याच रस्त्यावर पुन्हा.

तांताच्या दिवशी मी शुब्रात मिस्साला होतो. ९ एप्रिल २०१७, झावळ्यांचा रविवार. तिकडे पोरं झावळ्यांच्या पात्यांचे क्रूस, मुकुट, अंगठ्या विणतात, चर्चबाहेर फुटपाथवर बायका विकायला बसतात. मिस्सा चालू असताना पुढच्या बाकांवरचे फोन एकापाठोपाठ थरथरायला लागले. फादरांनी प्रवचन थांबवलं नाही, पण आया मुलांना आपल्याजवळ ओढून घेऊ लागल्या. बाहेर आलो तर फुटपाथ रिकामा, विणलेले क्रूस तिथेच पडलेले. दुपारी अलेक्झांड्रियाची बातमी आली. संत मार्क कॅथेड्रलमध्ये स्वतः पोप होते. स्फोट घडवणाऱ्याला दारातल्या मेटल डिटेक्टरपाशी अडवलं म्हणून तो आत पोचला नाही, आणि ज्यांनी अडवलं ते पोलीस तिथेच जिवानिशी गेले. त्यांत महिला पोलीस होत्या, मुस्लिम. संध्याकाळी आमच्या गल्लीत हाजी कारखान्यातून थेट फोरमनच्या घरी गेले आणि रात्री उशिरापर्यंत बसून राहिले.

म्हणून मी बिस्किटांबद्दल बोलतो. पण रोखठोक, तुमच्या यादीत आणि माझ्या यादीत तीन वेगवेगळे हात आहेत. लिबियातल्या आणि त्यानंतरच्या हल्ल्यांमागे इसिसची टोळी, ती सिनाईत मुस्लिमांनाही मारत आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये बिर अल-अब्दजवळच्या रौदा मशिदीत तीनशेहून अधिक नमाजी मारले. गावातला जमाव वेगळा, तो अफवेवर उठतो आणि आठवड्याने बाजारात सलाम करतो. आणि सरकार तिसरं. मास्पेरोत मारणारे दाढीवाले अतिरेकी नव्हते, गणवेशातले होते. सगळ्यांना एकाच 'छळ' या पोत्यात भरलं की सरकारची सुटका होते. इसिसशी सरकारही लढतंय ना, मग झालं! फोरमनच्या चुलतभावाचं घर इसिसने जाळलं नव्हतं.

आणखी एक. रोजचा भेद बॉम्बसारखा दिसत नाही, म्हणून बातमी होत नाही. ओळखपत्रावर धर्माचा रकाना आहे. नावावरून बहुतेक वेळा कळतंच : गिर्गिस, बिशोय, मीना (हे तिकडे पुरुषाचं नाव). ख्रिस्ती माणूस मुस्लिम झाला तर त्या रकान्यात बदल सहज होतो, उलट दिशेने जवळजवळ अशक्य. लष्करात, गुप्तचर खात्यात, विद्यापीठांत वरच्या जागांवर कॉप्ट शोधावे लागतात. फुटबॉलवेडा देश, पण राष्ट्रीय संघातला कॉप्ट म्हटलं की लोक अजून हानी रमझीचंच नाव घेतात, आणि तो नव्वदच्या दशकातला. याच्या उलट काही घडलंच नाही असंही नाही. २००३ पासून ७ जानेवारीला, त्यांच्या नाताळला, सार्वत्रिक सुट्टी झाली. २०१८ मध्ये दमिएत्ताला ख्रिस्ती महिला गव्हर्नर आल्या. २०२२ मध्ये बुलुस फहमी सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाचे प्रमुख झाले, त्या खुर्चीत बसणारे पहिले कॉप्ट. पण वर एक खुर्ची मिळाल्याने मिन्यातल्या फिर्यादीचं काय होतं, ते मी वर लिहिलंच.

लिबियातल्या एकवीस जणांना मे २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आमच्या कॅथलिक हुतात्म्यांच्या यादीत घेतलं. चर्च वेगळं, पोप वेगळा, पंधराशे वर्षांची फारकत, तरी घेतलं. वसईत १५ फेब्रुवारीला मी त्यांच्यासाठी मिस्सा सांगतो. अल-औरच्या बायाबापड्यांना हे कधी कळणार नाही, पण सांगतो.

काझी_दापोली :

मी कोकणी मुसलमान. अरबी शिकायला कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात होतो, नासर सिटीत राहायचो. बावखलभाऊंच्या लिहिण्यात मला बदलण्यासारखं काही नाही, फक्त आमच्या बाजूने थोडी भर घालतो.

पैगंबरांच्या घरात मारिया नावाच्या कॉप्ट बाई होत्या, त्यांचा मुलगा इब्राहिम लहानपणीच गेला. इजिप्तच्या लोकांशी चांगलं वागा, त्यांच्याशी आपलं वचन आहे आणि नातंही आहे, अशा अर्थाची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, 'सहीह मुस्लिम' या संग्रहात आहे. अझहरमध्ये आम्हाला ती शिकवली गेली. १९१९ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला तेव्हा सेर्गियस नावाच्या कॉप्ट धर्मगुरूंनी अझहर मशिदीच्या मिंबरवरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, भाषण केलं, आणि मोर्च्यांत चंद्रकोरीच्या कुशीत क्रूस असलेले झेंडे फिरले. तिकडच्या शाळकरी पोरालाही हे माहीत असतं. २०११ चा अलेक्झांड्रियाचा स्फोट झाला, त्यानंतरच्या ६ जानेवारीला मुस्लिम लोक चर्चांबाहेर साखळी करून उभे राहिले. काही आठवड्यांत, मुबारकविरोधी आंदोलनात, कैरोच्या तहरीर चौकात नमाज पढणाऱ्यांभोवती ख्रिस्ती पोरं हात धरून उभी होती.

हे सगळं मला प्रिय आहे. पण मी भारतातला मुसलमान, मला एक गोष्ट आतून कळते. अल्पसंख्य माणसाला शेजाऱ्याच्या मायेचं मोल कोणाहीपेक्षा जास्त असतं, आणि तरीही ती माया त्याला पुरत नाही. दापोलीत माझ्या वडिलांना शेजारचे भावे गुरुजी दवाखान्यात घेऊन गेले, रात्रभर बसले. मी ते जन्मभर विसरणार नाही. पण माझ्या नावावर भाड्याचं घर नाकारलं गेलं, तर गुरुजींचं नाव सांगून कोणी माझं तोंड बंद करू नये. इजिप्तमधला माझा ख्रिस्ती मित्र नेमकं हेच सांगायचा. सरकारी कार्यक्रमात शेख आणि अबूना हातात हात घालून उभे राहिले की टीव्हीवर 'राष्ट्रीय एकता' झळकते. अझहर आणि कॉप्टिक चर्च यांनी मिळून २०११ मध्ये 'बैत अल-आइला' नावाची संस्था काढली, चांगल्या हेतूने. पण त्याच्या गावात प्रश्न पेटला तेव्हा त्याला हस्तांदोलन नको होतं, एफआयआर हवा होता.

आणि माझ्या धर्मबांधवांना एक सांगणं. इजिप्त, पाकिस्तान, कुठेही ख्रिस्ती माणसाचं घर जळलं की आपल्यातले काही लगेच विषय बदलतात, 'मग फलस्तीनचं काय', 'मग इथलं काय'. तो प्रश्न खरा आहे, पण तो त्या जळलेल्या घराचं उत्तर नाही. पाकिस्तानातल्या जडांवालात १६ ऑगस्ट २०२३ ला कुराणाच्या विटंबनेच्या आरोपावरून चर्चं आणि ख्रिस्ती घरं जाळली. मला त्या दिवशी मुसलमान म्हणून शरम वाटली, आणि मी ती तशीच लिहितोय.

कुवेतकर_मामी :

थोडं वेगळं. आखातात राहणाऱ्यांनी इजिप्तची आखाताशी तुलना करू नये. आमच्याकडे चर्चं आहेत, दुबईत ऊद मेथाचं सेंट मेरीज तर राजघराण्याने दिलेल्या जागेवर उभं आहे, कोकणी मिस्साही होतात. पण आम्ही सगळे व्हिसावरचे पाहुणे. व्हिसा संपला की बॅग उचलायची. कुवेती नागरिक असलेले ख्रिस्ती मोजकेच. पाहुण्याला मिळणारी वागणूक आणि घरच्या माणसाचा हक्क यांत फरक असतो. कॉप्ट घरचे आहेत.

मृण्मयी_सांगली :

सगळ्यांचे मनापासून आभार. काझीदादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. बावखलदादा, एक विचारायचं राहिलं. मालकीणबाईंशी हे सगळं बोलावं का? की त्यांना अवघड वाटेल? आणि जेवणाचं सांगणार होतात. पहिल्या भेटीला सांगलीहून काय न्यावं?

बावखल :

ताई, तुम्ही होऊन विषय काढू नका. विशेषतः जिन्यात, दुकानात, टॅक्सीत तर नाहीच. पहिल्या भेटीत कॉप्ट माणूस परक्याला 'आम्ही सगळे भाऊ आहोत' हेच सांगतो. त्यात भीती असते आणि खरेपणाही असतो. ओळख मुरली की स्वयंपाकघरात बसून त्या आपणहून बोलतील. तेव्हा ऐका, 'मग तुम्ही देश का सोडत नाही' हा प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका. परदेशी लोक हटकून विचारतात आणि त्यांना तो फार लागतो. आणि वरच्या मजल्यावरच्या मुस्लिम बायकांशी तितक्याच मोकळेपणाने वागा. तुमच्या मालकीणबाईंचं निम्मं आयुष्य त्यांच्याच सोबत गेलं असणार. त्यांच्याबद्दल तुम्ही संशयाने बोललात तर वाईट पहिलं मालकीणबाईंनाच वाटेल.

जेवणाचं. कॉप्ट लोक वर्षातले दोनशेहून अधिक दिवस उपवास करतात, आणि त्यांचा उपवास म्हणजे मांस, अंडी, दूध, तूप सगळं बंद. त्या जेवणाला 'सियामी' म्हणतात. शुब्रात कुठल्याही खानावळीत, बेकरीत 'सियामी' म्हणा, बिनदुधाचा केकसुद्धा मिळेल. फूल (शिजवलेले फावा बीन्स), तामिया (त्याच बीन्सची भजी), कोशरी (भात, मसूर आणि मॅकरोनी) तर रस्तोरस्ती. फक्त नाताळच्या उपवासासारख्या काही उपवासांत त्यांना मासा चालतो, तेव्हा मागताना 'मिन घैर समक', मासा नको, एवढं जोडा.

तुम्ही डिसेंबरात पोचाल तेव्हा हाच उपवास चालू असेल, २५ नोव्हेंबर ते ६ जानेवारी. म्हणून मालकीणबाईंना तुपातले लाडू नेऊ नका, त्यांना बाजूला ठेवावे लागतील. तेलातली चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की न्या. बेसनाचे लाडू ७ जानेवारीला करा आणि ताट घेऊन खाली जा. त्यांना म्हणायचं, 'कुल्ल सना वे इन्ती तय्यिबा'. वरच्या मजल्यांवरही ताट पाठवा. ईदलाही हेच वाक्य चालतं, त्यामुळे एकदा पाठ केलंत की वर्षभराचं काम झालं. लेकीलाही शिकवा, पोरांनी म्हटलं की तिकडचे म्हातारे फार खूष होतात.

हिंग आणि गोडा मसाला मात्र भरपूर न्या. मला शुब्रात कधी मिळाला नाही.